मग आजीच्या डोळ्यात साखर शिरली कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत मधुमेहावर आलेला लेख आमच्या लॅबच्या बाकावर आठवडाभर या हातातून त्या हातात फिरत होता. उपाशीपोटी रक्त देऊन पुन्हा जेवणानंतरचं द्यायला थांबलेल्या माणसाला वाचायला काहीतरी लागतंच. लेखापेक्षा लोकांना चित्र आवडलं. पेशीच्या दाराला हे एवढं कुलूप, बाहेर साखरेच्या खड्यांची रांग आणि इन्सुलिन महाशय हातात किल्ली घेऊन येताहेत. खाली ओळ अशी, की इन्सुलिनशिवाय शरीरातल्या एकाही पेशीत साखर शिरू शकत नाही.

गेल्या सोमवारी अकरावीतला एक मुलगा आजीला घेऊन वैरागहून आला होता. मी आजीच्या दंडाला रबर बांधून शीर शोधत होते. तो पुरवणीतून डोकं वर काढून म्हणाला, "मॅडम, इन्सुलिन चालेना म्हणून साखर पेशीत जाईना, बाहेरच तुंबली. मग आजीच्या डोळ्यात कशी शिरली?" आजीच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर लेसर झालंय. मी म्हटलं, थांब, आधी रक्त काढू दे. रक्त काढलं, पण मागे अकरा माणसं उभी होती, उत्तर राहून गेलं. हे पत्र त्यासाठी आहे. लांबलं तर कात्री लावा, पण लाल पेशींचा भाग तेवढा ठेवा.

मी डॉक्टर नाही. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा कोर्स) करून बार्शीत जवळपास तीस वर्षं रक्त काढते आणि तपासते. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि बल्बमधलं जास्त सांगणार आहे. आमच्यात रक्ताच्या छोट्या बाटलीला बल्ब म्हणतात. पूर्वी पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात रक्त घ्यायचे, तेव्हापासूनचा शब्द.

1998 मधली माझीच चूक सांगते. मे महिना होता. वैराग भागातल्या एका शिबिरातलं रक्त आमच्याकडे यायचं होतं. शुगरचे बल्ब मी भरून पाठवले होते, पण त्यात फ्लोराइडची पूड टाकायला विसरले. सकाळी सातला काढलेलं रक्त एसटीने, उन्हातान्हात, दुपारी एकला माझ्या टेबलावर आलं. मी शुगर लावली. एका बाईंची आली 66. बाई मधुमेहाच्या गोळीवर होत्या. घरच्यांना वाटलं गोळी जास्त झाली. गोळी बंद, वर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ गूळपाणी. तिसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या, मी समोर रक्त घेऊन लगेच तपासलं, तर शुगर 190 च्या पुढे. मग शिबिराच्या दिवशीचे सगळे आकडे पुन्हा पाहिले. त्या दिवशीची प्रत्येक शुगर कमी होती, एकट्या बाईंची नव्हे.

साखर गेली कुठे? लाल पेशींनी खाल्ली. रक्त शरीराबाहेर आलं म्हणून लाल पेशी लगेच मरत नाहीत. बल्बमध्ये बसून त्या साखर खात राहतात. साध्या तापमानाला तासाला साधारण 5 ते 7 टक्के, आणि मे महिन्याच्या एसटीत त्याहून जास्त. म्हणून शुगरचा बल्ब करड्या टोपणाचा असतो. त्यातलं फ्लोराइड पेशीचं साखर फोडायचं काम अडवतं. तेही पहिला तास-दीड तास पुरतं लागू होत नाही, म्हणून चांगल्या लॅबमध्ये रक्त आलं की लगेच फिरवून पेशी वेगळ्या करतात.

आता संपादक महाराज, त्या बंद बल्बमध्ये इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड कुठे होतं? रक्तासोबत आलं असेल तेवढं चिमूटभर इन्सुलिन, पण लाल पेशीला त्याच्याशी देणंघेणंच नाही. तिच्या अंगावर साखर आत घेणारी जी प्रथिनं असतात, त्यातल्या प्रमुख प्रकाराला ग्लूट-1 म्हणतात. एका लाल पेशीवर अशी सुमारे दोन लाख दारं. चोवीस तास उघडी. बाहेर साखर जास्त तर आत जास्त, बाहेर कमी तर आत कमी. लाल पेशीला दुसरा आधारही नाही. बाकी बऱ्याच पेशी चरबी जाळू शकतात, हिच्याकडे ती जाळायची भट्टीच नाही, ती फक्त साखरेवर जगते. तिच्या दाराला कुलूप असतं तर आपण जन्मलोच नसतो.

आणि लेखात शेवटी ज्या तपासणीचा आग्रह धरलाय, ती एचबीएवनसी, ती तरी कशावर चालते? हिमोग्लोबिन लाल पेशीच्या आत असतं. साखर आत शिरते, तिथे हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जगेल तितके दिवस, म्हणजे साधारण 120 दिवस, चिकटलेली राहते. म्हणून तीन महिन्यांचा हिशेब निघतो. मधुमेही माणसाची एचबीएवनसी 10 येते, कारण साखर आत गेलेली असते, भरपूर गेलेली असते. वरच्या अर्ध्या पानात साखर आत जात नाही म्हणायचं आणि खालच्या अर्ध्या पानात आत गेलेल्या साखरेची तपासणी करा म्हणायचं, हे त्या मुलाच्या लक्षात आलं, उपसंपादकांच्या आलं नाही.

किल्लीचं चित्र अगदीच खोटं नाही. ते मुख्यतः दोन ठिकाणी लागू पडतं, स्नायू आणि चरबी. (हृदयाचा स्नायू त्यातच धरा.) पण तिथेही कुलूप-किल्ली मला पटत नाही. मी पेशंटला पंगतीची गोष्ट सांगते. लग्नघरी सगळी ताटं काही कायम मांडलेली नसतात, कोठीत रचून ठेवलेली असतात. मंडळी आली की कोठीवाल्याला निरोप जातो, ताटं काढा. पंगत उठली की ताटं परत कोठीत. स्नायूच्या पेशीत तसंच आहे. ग्लूट-4 नावाची दारं पेशीच्या आत बारीक पिशव्यांत ठेवलेली असतात. जेवण झालं, रक्तात इन्सुलिन वाढलं, की त्या पिशव्या पेशीच्या कडेला येऊन चिकटतात आणि दारं भिंतीत बसतात. इन्सुलिन उतरलं की दारं पुन्हा आत. 1980 मध्ये कुशमन-वार्डझाला आणि सुझुकी-कोनो अशा दोन जोड्यांनी चरबीच्या पेशींवर काम करून हे स्वतंत्रपणे दाखवलं. इन्सुलिन सापडलं 1921 मध्ये, म्हणजे ते दाराशी नक्की काय करतं हे कळायला आणखी साठ वर्षं गेली. इन्सुलिन हा निरोप्या आहे. आपल्याकडे बहुतेकांना जो टाइप-2 मधुमेह असतो, त्यात निरोप्या येतो, दारात उभा राहून ओरडतो, पण कोठीवाल्याला ऐकू येत नाही. लहान पोरांच्या टाइप-1 मध्ये निरोप्याच नसतो.

मात्र कोठीवाल्याला हाक मारणारा आणखी एक जण आहे, आणि लेखात त्याचं नावही नाही. स्नायू आकुंचन पावला की तो स्वतःच, इन्सुलिनला न विचारता, दारं बाहेर काढतो. निरोप्याची हाक ज्याला ऐकू येत नाही, त्याला ही दुसरी हाक ऐकू येते. मला स्वतःला नऊ वर्षं मधुमेह आहे. यंदा होळीला दोन पुरणपोळ्या, कटाची आमटी, वर भात असं जेवून मी आडवी झाले. तासाभराने बोट टोचलं: 218. धुळवडीला शिळ्या पोळ्या होत्याच. पुन्हा दोन पोळ्या, तेवढाच भात, आणि जेवल्याबरोबर भगवंत मंदिरापर्यंत चालत जाऊन आले, पंचवीस मिनिटं. त्याच वेळेला बोट टोचलं: 171. पोळी शिळी होती म्हणून फरक पडला असं कोणी म्हणेल, म्हणू दे. एका बाईच्या दोन बोटांवरून शास्त्र ठरत नाही हे मलाही कळतं. पण डॉक्टर "चाला" म्हणतात ते फक्त वजन उतरवायला, असा जो समज आहे, तो त्या किल्लीच्या चित्रातूनच येतो. गोळी घेतली, किल्ली मिळाली, आता चालायचं कशाला?

आता डोळा. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर, मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशी, पायाच्या नसा: यांची दारं लाल पेशीसारखी, इन्सुलिनची वाट न पाहणारी. रक्तात साखर वाढली की यांच्या आतही वाढते, आणि यातल्या बऱ्याच पेशींना दारं पुरेशी मिटून घेता येत नाहीत. नको असलेली साखर आत साठते, तिचे भलतेच पदार्थ बनतात, पेशी आतून सडत जाते. म्हणजे ज्या दिवशी स्नायू साखर घेईना, त्या दिवशी ती सगळी साखर जिथे दार उघडं आहे तिथे घुसली. आजीचे डोळे साखर बाहेर अडकली म्हणून गेले नाहीत, फार आत गेली म्हणून गेले. हे उलटं सांगण्याचे परिणाम मी बाकावर रोज बघते. "पेशी उपाशी आहेत म्हणून थकवा येतो" असं वाचून एक आजोबा दुपारी ग्लुकोजची पावडर पाण्यात घालून पीत होते, ताकद यावी म्हणून. शुगर 340.

मेंदूचीही दारं उघडीच, त्याला इन्सुलिनच्या निरोपाची गरज नाही. पण मेंदूचं दुखणं वेगळं. त्याच्याकडे साठा जवळजवळ नाही आणि भूक प्रचंड, दिवसाला 120 ग्रॅमच्या आसपास साखर. याचा हिशेब मी पोरांना फळ्यावर करून दाखवते. अंगात रक्त पाच लिटर, शुगर 100 म्हणजे एका डेसीलिटरला 100 मिलिग्रॅम, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साखर 5 ग्रॅम. एक चमचा! मेंदू तेवढी तासाभरात संपवेल. दर तासाला तो चमचा कोणीतरी भरत असतं म्हणून आपण शुद्धीवर आहोत.

मागच्या पावसाळ्यात पांगरीचे एक गृहस्थ आले. उपाशीपोटी तपासणी म्हणून काही खाल्लं नव्हतं, पण सकाळचं इन्सुलिन मात्र नेमाने टोचून आले होते. बाकावर बसले आणि असंबद्ध बोलायला लागले. शेजारची मंडळी सरकून बसली, सकाळी सकाळी घेऊन आलाय म्हणाली. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी बोट टोचलं: 44. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून हळूहळू पाजली. दहा-बारा मिनिटांनी ते मलाच म्हणाले, "मॅडम, माझा नंबर कधी?" मधलं काही आठवतच नव्हतं. मेंदूचं दार सताड उघडं होतं, पण अंगणातच दाणा नव्हता. तपासणीला येताना इन्सुलिन किंवा गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून या, ही पाटी तेव्हापासून दारावर आहे. कोणी वाचत नाही.

तो चमचा भरणारं कोण, तर यकृत. तिथली दारं ग्लूट-2, दोन्ही बाजूंनी वाहणारी: जेवणानंतर साखर आत घ्यायची, रात्री बाहेर सोडायची. "मॅडम, रात्री नुसतं ताक पिऊन झोपलो, सकाळी शुगर 160 कशी?" हा प्रश्न दिवसातून दोनदा येतो. तुम्ही खाल्लं नाही, यकृताने सोडली. तिथे इन्सुलिनचं काम दार उघडायचं नाहीच, आतला कारखाना थांबवायचं आहे, आणि मधुमेहात तो थांबत नाही. तुम्हाला जी मेटफॉर्मिनची गोळी असते, तिचा मुख्य रोख याच कारखान्यावर असतो. एवढं सांगितलं की निम्म्या पेशंटचा "मशीन चुकीचं दाखवतंय" हा आरोप मिटतो.

मूत्रपिंडाचं सांगायलाच हवं, कारण त्यावरून हल्ली रोज घबराट होते. लघवीच्या पट्टीवर शुगर चार प्लस, आणि रक्तात 130. पेशंट म्हणतो लॅब चुकली. लॅब चुकलेली नसते. निरोगी माणसाचं मूत्रपिंड दिवसाला सुमारे 180 ग्रॅम साखर गाळतं आणि जवळपास सगळी परत ओढून घेतं, त्यातली 90 टक्के एसजीएलटी-2 नावाच्या एकाच प्रकारच्या दारातून. हे दार ग्लूटपेक्षा निराळं, साखरेला सोडियमच्या जोरावर आत ओढणारं. रक्तात साखर 180 च्या वर गेली की ओढून घ्यायची ताकद संपते आणि साखर लघवीत उतरते. लघवीला मुंग्या लागायच्या त्या त्यामुळे. नव्या गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येतं, त्या हे दारच अडवतात. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाते, तेव्हा पट्टी चार प्लस दाखवणारच. ही कल्पना सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून आली. 1835 मध्ये सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ काढला गेला, 1886 मध्ये फॉन मेरिंग यांनी दाखवलं की तो दिल्यावर लघवीत साखर उतरते. मेरिंग यांच्या शोधापासून गोळी व्हायला सव्वाशे वर्षं लागली. आपल्याकडे त्यातल्या डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट 2020 मध्ये संपलं आणि गोळी गरिबाच्या आवाक्यात आली. लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवा, पाणी प्या, उलट्या-जुलाब किंवा उपवास असेल तर गोळी चालू ठेवायची का हे डॉक्टरांना विचारा, एवढं मी रिपोर्टसोबत तोंडी सांगते.

याच दाराचा धाकटा भाऊ, एसजीएलटी-1, आतड्यात असतो. तो साखरेचा एक कण आत घेताना सोडियमचे दोन घेतो, आणि त्यांच्यामागे पाणी येतं. शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी 1960 मध्ये प्राग इथल्या सभेत मांडली. अकरा वर्षांनी, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून लोकांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. ओआरएसच्या पुडीत लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं ते ताकदीसाठी नाही, मिठाला आणि पाण्याला आत ओढण्यासाठी. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर आमच्याकडचे तरुण मोठ्या भक्तीने ग्लुकोजचं नुसतं गोड पाणी वाटतात. जुलाब लागलेल्या वारकऱ्याला ते देऊ नका, पुडी द्या. फार गोड पाण्याने जुलाब वाढतात. हे विषयाला सोडून झालं, पण दरवर्षी सांगायचं राहतं.

आपल्याकडे माझी मागणी मोठी नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत, त्यातले किती जण तुमची पुरवणी वाचत असतील ते तुम्हाला ठाऊक. ते चित्र पुन्हा छापायची वेळ आली तर त्याखाली "स्नायू आणि चरबीची पेशी" एवढे शब्द घाला. आणि जागा असेल तर शेजारी एक कुलूप नसलेली पेशी काढा, डोळ्याच्या पडद्याची.

तो मुलगा येत्या सोमवारी आजीची एचबीएवनसी न्यायला येणार आहे. त्या दिवशी सकाळी आठला मी माझंच रक्त काढून ठेवणार आहे, एक साध्या बल्बमध्ये, एक करड्या टोपणाच्या. दुपारी दोनला दोन्हींची शुगर त्यालाच लावायला सांगेन. दहा मिनिटांत गुलाबी रंग येतो, साखर जास्त तिथे गडद, कमी तिथे फिका. आकडा मशीन सांगेलच, पण रंग त्याने आधी नुसत्या डोळ्यांनी बघावा. दोनपर्यंत थांबलास तर वैरागची गाडी चुकेल असं फोनवर म्हटलं, तर म्हणाला पुढच्या गाडीने जाऊ.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ
बार्शी, जि. सोलापूर
(नाव छापू नये, ही विनंती.)